आत्याबाईंचं गिऱ्हाईक

औषधांच्या दुकानाचे मालक गाडी बघायला आले आणि त्यांनी काही विचारायच्या आत पुढच्या टायरला लाथ मारली. मास्तरांच्या कपाळाची शीर उडायला लागली. गाडी विकत घ्यायला आलाय की भांडण उकरून काढायला? चांगल्या घरातला माणूस उभ्या गाडीला लाथ मारतो?

पण बोलायची सोय नव्हती. "तुम्ही आज तोंड उघडायचं नाही," अशी बायकोची सक्त ताकीद होती.

गाडी मास्तरांच्या वडिलांनी घेतलेली. चाकांवरचं घरच ते. मागे दोन बाकं, ती जोडली की पलंग, कोपऱ्यात शेगडी, हात धुवायला भांडं आणि वर उचलून उघडणारं छत. सासरकडून आलेली, जागची हलत नाही आणि सगळ्यांनी मर्जी सांभाळायची, म्हणून बायकोने तिचं नाव 'आत्याबाई' ठेवलं होतं. मागच्या सहलीत ते छत बरोबर बायकोच्या उशीवर गळलं. तेव्हा तिने विचारलं, "या घरात ती राहणार की मी?" मास्तरांनी उत्तराला जरा जास्तच वेळ लावला. म्हणून तिने परस्पर हे गिऱ्हाईक शोधलं, आणि आज आत्याबाई जाणार हे जवळजवळ ठरलंच होतं.

"वास कसला येतोय हो आत?" औषधवाल्यांनी डोकं आत घालून विचारलं.

"प्रवासाचा," मास्तर म्हणाले.

बायकोने डोळे वटारले. मास्तर आतून नुसते उकळत होते. जन्मभर खोकल्याच्या बाटल्यांमध्ये बसलेल्या माणसाने दुसऱ्याच्या गाडीला नाक मुरडावं म्हणजे कमालच झाली. तेवढ्यात औषधवाल्यांनी बाजूचं दार खेचलं आणि कडी त्यांच्या हातात आली.

"अहो, ओढताय काय असं! आधी वर उचलायचं, मग स्वतःकडे घ्यायचं, मग सरकवायचं!"

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "आपल्या दारापेक्षा सर्कस सोपी असेल."

"चालू तरी होते का?" औषधवाल्यांनी कडी मास्तरांच्या हातात देत विचारलं.

मास्तरांनी किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. टकटक झालं आणि थांबलं. मास्तरांची मोठी पंचाईत झाली. चालू झाली तर गाडी जाणार, नाही झाली तर अब्रू जाणार. शेजारचे दोघं कुंपणाशी येऊन उभे होते आणि त्यातला एक चक्क हसत होता. ते हसणं बघून मास्तरांचं डोकं फिरलं. गाडी गेली तर गेली, पण या लोकांसमोर हसं होऊ द्यायचं नाही.

"अगं, जरा आत येऊन बस बघू. तुझ्या जागेवर."

"मी कशाला?"

"बस म्हणतो ना!"

बायको चढली आणि उजव्या बाकाच्या टोकाला बसली. किल्ली फिरली आणि आत्याबाई धडधडत सुरू झाल्या. मास्तरांनी कुंपणाकडे मान वळवून बघितलं.

औषधवाले मात्र पक्के व्यापारी होते. "बंद करा. वहिनी, जरा उतरा." वहिनी उतरल्या, गाडी चालू होईना. "आता बसा." बसल्या, झाली. "परत उतरा." मग मुलीनेच पुढे होऊन बाकावरची गादी उचलली. खाली फळी, फळीखाली बॅटरी आणि तिच्यावर सैल झालेली वायरची पकड. वरून भार पडला की वायर टेकत होती.

"बाबा, हे तुम्हाला माहीत होतं?"

"दाबलं की चालतं," मास्तर तावातावाने म्हणाले. "मग बदलायचं कशाला? चांगली वस्तू फेकायचं खूळ आलंय लोकांना!"

बायकोचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"म्हणजे 'तू तिथेच बस, तिथे वारा छान लागतो', ते हे होतं?"

"लागतोच की वारा."

"स्प्रिंगही लागते! घाटात मी म्हणाले पुढे येते, तर काय म्हणालात? मागे तू असलीस की आधार वाटतो! मी मैत्रिणींना सांगितलं हो ते, कौतुकाने!"

"खोटं कुठे होतं? आधारच होता."

हे भांडण बघून औषधवाल्यांना वाटलं, भाव पाडायला हीच वेळ बरी. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "जाऊ द्या वहिनी. मी त्या जागी वाळूचं पोतं टाकीन. तुमच्याएवढंच. साधारण किती भराल तुम्ही?"

कुंपणावरचं हसू मावळलं. मुलीने डोळे मिटून घेतले.

"पोतं?" बायको म्हणाली. "माझ्या जागी पोतं? उन्हातान्हात, घाटात, आडरानात अडकलेली ही गाडी घरी कोणी आणली? मी! मी बसले नसते तर ही एकदासुद्धा परत आली नसती. विकायची नाही मला गाडी. निघा तुम्ही!"

"अहो, पण बोलणं झालं होतं आपलं—"

"निघा म्हणते ना!"

औषधवाले "हद्द आहे, हद्द आहे" म्हणत निघून गेले. मास्तरांना आनंदाने काय करावं सुचेना. त्यांनी गाडीच्या टपावरून हात फिरवला आणि पुढच्या दाराकडे वळले. "चला, एक फेरी मारून येऊ!"

बायको आधीच तिथे पोचली होती. तिने हात पुढे केला.

"किल्ली."

"अगं, तुला हिचे गिअर—"

"किल्ली द्या."

"मग मी कुठे बसू?"

तिने बोटाने जागा दाखवली. मास्तर निमूटपणे मागे जाऊन बाकाच्या टोकाला टेकले. पहिल्याच फटक्यात गाडी चालू झाली. मुलगी पुढे आईशेजारी बसली आणि आत्याबाई फाटकातून बाहेर पडल्या.

"वळणावर मोठा खड्डा आहे," मास्तर मागून ओरडले, "जरा डावीकडून घे!"

"दिसला मला," बायको म्हणाली आणि तिने गाडी सरळ नेली.