घरच्या तिळाचं तेल

गॅलरीत तीळ पिकवणं म्हणजे माझ्या हातचा मळ! माझ्या सासऱ्यांनी जन्मभर शेती केली. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो, म्हणून ते मला 'कागदी जावई' म्हणतात. हे मला वर्षानुवर्षं झोंबत होतं. शेवटी मी फोनवर जाहीर करून टाकलं, "बाबा, यंदा तुमच्या गुडघ्यांना माझ्या घरच्या तिळाचं तेल."

स्वयंपाकघरातल्या डब्यातले तीळ पेरले. दहा दिवस झाले तरी एक कोंब नाही.

"ते भाजलेले होते," बायको म्हणाली.

मग कच्चे पेरले. बारा कुंड्या अशा माजल्या, की वाळत घालायचे कपडे दिवाणखान्यात आले. फुलं आली, बोंडं धरली. खालची बोंडं पिवळी पडताच मी झाडं कापून जुड्या बांधल्या.

"अहो, जुड्या उभ्या ठेवा. खाली चादर अंथरा."

शेतकऱ्याची मुलगी, बोलणारच. मी वारा लागावा म्हणून जुड्या गॅलरीबाहेरच्या दोरीला उलट्या टांगल्या. तिळाचं बोंड वाळलं की टोकाशी उघडतं, हे मला चौथ्या दिवशी कळलं. कळवायला खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका आल्या.

"मी गादी उन्हात घातलीय," त्या म्हणाल्या. "तिच्यावर तुमच्याकडून सकाळपासून काहीतरी गळतंय."

गादीच्या शिवणीशिवणीतून आम्ही नवराबायकोने वाटीभर तीळ टिपले. वाटी घेऊन मी तेलघाण्यावर गेलो. घाणेवाल्याने वाटीत बोट फिरवलं.

"नमुना चांगलाय. पोतं कुठंय?"

रविवारी सासरे यायचे होते. मी दुकानातून बाटली आणली आणि लेबल गरम पाण्यात भिजवून काढलं. ही युक्ती बायकोचीच.

सासऱ्यांनी गुडघ्याला तेल चोळलं, वास घेतला.

"झकास. जावईबापू, उगाच नावं ठेवली मी तुम्हाला."

माझी छाती दोन इंच फुगली. खरं सांगतो, त्या घडीला ते तेल मीच पिकवलंय असं मला वाटत होतं.

"आणि तेल काढून उरलेली पेंड कुठंय? कुंड्यांना घातली की नाही?"

"छे, छे," मी ठामपणे म्हणालो. "आपल्या तिळाला पेंड निघालीच नाही. निव्वळ तेल."

चोळणारा हात थांबला. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी मुलीला विचारलं, "कुठल्या दुकानातून आणलं गं?"

"कोपऱ्यावरच्या," बायको म्हणाली. "चांगलं असतं त्याच्याकडे."