बिनआवाजाची गाडी

"मंगळवारी गाडी दारात! लिहून ठेव!"

फ्रीजवाल्यानं बायकोला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा असा फुलला होता, की गाडी जणू त्यानंच घरी बसून घडवली होती.

लोकांचे बिघडलेले फ्रीज पिकअपमध्ये घालून आणायचे, घरामागच्या वर्कशॉपमध्ये बरे करायचे आणि परत पोचवायचे, हा त्याचा धंदा. आता तो इलेक्ट्रिक पिकअप घेणार होता, आणि गेले कित्येक महिने घरात दुसरा विषय नव्हता. दूधवाल्यापासून सासऱ्यांपर्यंत सगळ्यांना त्यानं ऐकवून झालं होतं. "आवाज म्हणाल तर शून्य! शेजारून गेली तरी झोपलेलं मांजर कान हलवणार नाही! आणि मागच्या हौद्यात प्लग आहे, प्लग! मिक्सर लावा, टीव्ही लावा, वाट्टेल ते लावा!"

पिकअपच्या हौद्यात मिक्सर कोण लावतं, हे बायकोनं विचारलं नाही. नवऱ्याच्या आनंदात खोट काढायची तर निदान एक हात मोकळा लागतो. तिच्या एका हातावर त्यांची तान्ही पिटुकली होती आणि दुसऱ्या हातात पिटुकलीचा मोजा.

या भरवशावर फ्रीजवाल्यानं जुनी डिझेल पिकअप सोमवारीच अंडीवाल्याला विकून टाकली. ती गाडी म्हणजे चाकांवरचा भांड्यांचा मोर्चा होती. सुरू झाली की आधी दरवाजे थरथरायचे, मग काचा, मग रस्त्यावरची माणसं.

मंगळवारी गाडी आली नाही. शोरूममधल्या टायवाल्याचा फोन आला.

"सर, गाडी बोटीवर आहे."

"बोटीवर? काल तर उद्या दारात म्हणालात!"

"वादळ आहे, सर. समुद्र आहे शेवटी."

हे एवढंच असतं तर घर हसलं असतं. पण त्याच दुपारी बायकोच्या एक गोष्ट ध्यानात आली. पिटुकली झोपत नव्हती!

रोज दुपारी फ्रीज पोचवायला निघताना ती दोघं पिटुकलीला गाडीत घेत. गाडी 'खर्रर्र टक-टक गुर्रर्र' करत कोपऱ्यापर्यंत जाते न जाते, तोच पिटुकलीची मान कलंडायची. मग तिला घरी आणून अलगद ठेवायचं. त्या झोपेच्या वेळात बायको आंघोळ करायची, गरम चहा गरम असतानाच प्यायची आणि थोडा वेळ माणसात यायची. आज पिटुकली पाळण्यात टक्क डोळे उघडे ठेवून आईकडे बघत होती. गाडी कधी निघणार, असं विचारत असल्यासारखी. मग तिनं भोकाड पसरलं.

आईनं गाणी म्हटली. बाबानं डब्यावर चमचा वाजवला. मिक्सर रिकामाच फिरवला. पिटुकलीनं सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि नापास केलं.

असे तीन-चार दिवस गेल्यावर बायकोनं चहाचं भांडं फ्रीजमध्ये ठेवलं आणि दूध खिडकीत. मग ती म्हणाली, "अरे, अंडीवाल्याकडे जाऊ. नुसती एक फेरी मारून दे म्हणावं."

अंडीवाला दिलदार. त्यानं लगेच तिघांना गाडीत बसवलं. गाडी निघाली. लोण्यातून सुरी फिरावी तशी!

"काय केलंत हो हिला?" फ्रीजवाला किंचाळला.

"सगळे नट आवळले! सायलेन्सर बदलला, पत्र्याखाली रबर घातलं!" अंडीवाला खूश होऊन म्हणाला. "तुमचं चालत होतं, मालक. आमची अंडी फुटतात ना!"

पिटुकली अंडीवाल्याच्या मिशा बघत टक्क जागी राहिली.

घरी आल्यावर बायको तिला घेऊन वर्कशॉपमध्ये येरझारा घालू लागली. तेवढ्यात नवऱ्यानं एक दुरुस्तीला आलेला फ्रीज सुरू केला. खर्रर्र! टक-टक! गुर्रर्र!

पिटुकलीची मान आईच्या खांद्यावर पडली.

पिटुकलीचा श्वास आईच्या मानेवर ऊन-ऊन लागत होता.

"कुणाचा आहे रे हा?" बायकोनं कुजबुजत विचारलं.

"मुख्याध्यापिकाबाईंचा. रिटायर झाल्यात. या आवाजानं त्यांना झोप येत नाही म्हणून दुरुस्तीला दिलाय."

"हात लावू नकोस त्याला!"

फ्रीज बेडरूममध्ये आला. मात्र त्यातही एक मेख निघाली. आत पुरेसं गार झालं, की फ्रीज गप्प व्हायचा आणि पिटुकली जागी व्हायची. पण फ्रीजवाला काही नुसता नावाचा फ्रीजवाला नव्हता. त्यानं फ्रीजचं दार सुतळीनं उघडंच बांधून ठेवलं. आता तो बिचारा अख्खी खोली गार करायच्या मागे लागला आणि गप्प बसायचं विसरला!

बायकोला तिची आंघोळ मिळाली. तिला आयुष्यात आणखी काही नको होतं.

मुख्याध्यापिकाबाईंना मात्र फ्रीज हवा होता. त्यांचा फोन आला.

"झाला का?"

फ्रीजवाल्याला खोटं बोलता येत नसे. टायवाल्याकडून ऐकलेलं तेवढंच त्याच्या तोंडातून बाहेर पडलं. "बाई, पार्ट बोटीवर आहे."

"कुठल्या बंदरातून निघालीय बोट?"

"अं... मोठ्या."

"मग उशीर का?"

"वादळ आहे."

"या दिवसांत? कुठल्या समुद्रात?" बाई हयातभर भूगोल शिकवत होत्या. "मीच येते. नकाशा काढून ठेवा."

आणि नशीब असं, की बाई रिक्षातून उतरल्या आणि त्यांच्या पाठीमागून नवी इलेक्ट्रिक पिकअप आली. इतकी गुपचूप आली, की दारात टायवाल्यानं हॉर्न दिला तेव्हा बाई पर्ससकट कुंडीत बसल्या! त्यांना उठवायला बायको बेडरूममधून धावली. दार उघडं राहिलं. बाई उठल्या, झाडल्या गेल्या आणि आतून येणारा आवाज ऐकून त्यांनी कान टवकारले.

"हा माझा फ्रीज!"

बेडरूममध्ये त्यांचा फ्रीज दार वासून घोरत होता. त्याच्यापुढे दुलईत गुरफटलेली पिटुकली, नाकाचा शेंडा तेवढा बाहेर.

बायकोनं खरं खरं सगळं सांगून टाकलं. बाईंनी चष्म्यावरून फ्रीजवाल्याकडे बघितलं. जमिनीवर उठाबशा काढायला जागा आहे का, हे त्यानं नकळत बघून घेतलं.

"आता गाडी आलीय ना तुमची?" बाई म्हणाल्या. "मग त्याच गाडीत घाला आणि पोचवा माझा फ्रीज."

"पोचवतो की! आणि पिटुकली गाडीत झोपेल! गाडीत ती झोपतेच!" फ्रीजवाल्याचा उत्साह पुन्हा उतू गेला. त्यानं फ्रीज बंद केला. पिटुकलीनं डोळे उघडले.

सगळे गाडीत बसले. फ्रीज हौद्यात उभा. गाडी निघाली. कोपरा आला, गेला. इंजिनाची घरघर नाही, काचांचा खडखडाट नाही. पिटुकलीनं वाट बघितली, आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं, ओठ काढला. आणि त्या शून्य आवाजाच्या गाडीत असा काही आवाज सुरू झाला, की पदपथावरचं मांजर भिंतीवर चढलं.

"आवाज शून्य!" बायको म्हणाली. एवढंच म्हणाली.

फ्रीजवाला तोंडानं खर्रर्र करू लागला. गाडी चालवत, घाम पुसत, टक-टक, गुर्रर्र! दोन वळणांत त्याचा घसा बसला.

"थांबवा गाडी!" बाई गरजल्या. "मागे प्लग आहे म्हणून सांगत होतात ना मघाशी?"

"आहे की! मिक्सर लावा, टीव्ही..."

बोलता बोलताच त्यानं गाडी थांबवली आणि फ्रीजची वायर प्लगला लावायला तो हौद्यात चढला.

बाई घरी गेल्या त्या फ्रीजवाल्याच्या घरातला बिनआवाजाचा फ्रीज घेऊन. त्यांना आता छान झोप लागते. आणि रोज दुपारी नवी कोरी पिकअप रस्त्यावर निघते, तेव्हा हौद्यात एक फ्रीज दार उघडं टाकून, प्लग लावून, जिवाच्या आकांतानं खडखडत असतो. केबिनची मागची खिडकी उघडी असते. पिटुकली कोपरा यायच्या आत झोपते.

परवा सिग्नलला अंडीवाल्याची गाडी शेजारी येऊन थांबली. जुनीच, पण हूं की चूं नाही. त्यानं कान दिला, नव्या पिकअपकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हळहळला.

"काय मालक! हीच का ती बिनआवाजाची? फसवलं की हो तुम्हाला! माझ्या मेकॅनिककडे न्या, नट आवळून देईल!"

फ्रीजवाल्याचे कान लाल झाले. त्यानं काच खाली केली, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं.

"शूऽऽऽ!" बायको मांडीवरच्या पिटुकलीकडे बघत म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय."

फ्रीजवाल्यानं काच वर घेतली. सिग्नल हिरवा झाला, आणि तो गाडीपेक्षाही गप्प होऊन घराकडे वळला.