टॉमच्या वाटचं संत्रं

सौंसरच्या मंडईत नत्थूभाऊंच्या तराजूच्या वर भिंतीला दोन फोटो होते. एक मारुतीचा, दुसरा एका इंग्रज फुटबॉलपटूचा. सकाळची उदबत्ती दोघांसमोरही फिरे. "यानं डोंगर पोचवला, तो चेंडू पोचवते," भाऊ म्हणत. "दोघंही मधातले गडी."

भाऊ संत्र्याचे दलाल. बागवाला आणि नागपूरचा व्यापारी यांच्या मधातले. पेट्यांत घालायच्या रद्दीत एकदा विलायती पेपरचं पान निघालं, त्यावर हा फोटो. मी शेजारी, त्यातून इंग्रजीचा मास्तर. वाचून दाखवलं: टॉम, चौथ्या डिव्हिजनमध्ये मधल्या फळीत खेळतो, गोल क्वचितच करतो.

"गोल करणाऱ्याले सारे ओळखतेत," भाऊ म्हणाले. "त्याच्यापाशी चेंडू कोणं नेला, हे कोणी पुसते का?" आणि पान खिळ्यानं ठोकलं.

माझ्याकडे विलायती स्टेशन लागणारा रेडिओ होता. रविवारी सकाळी भाऊंच्या ओसरीवर चहा ठरला. "मास्तर, टॉम कसा खेळून राहिला?"

आता कबूल करतो. चौथ्या डिव्हिजनचा नुसता निकाल सांगत, तोही एखाद वेळेस. टॉमचं नाव मी रेडिओवर कधीच ऐकलं नाही. पहिल्या रविवारी म्हणालो, "बरा खेळला." तिथून सात वर्षं त्याला मीच खेळवला. एका रविवारी मला बहिणीच्या लग्नाला मोहगावला जायचं होतं, तेव्हा त्याचा गुडघा दुखावला.

"हळद-तेल लावा म्हना त्याले," भाऊ काळजीनं म्हणाले.

दर रविवारी भाऊ पेटीतलं सर्वांत चांगलं संत्रं निवडून माझ्यापुढं ठेवत. "टॉमच्या वाटचं. तो कुठं येते? तुम्हीच खा." मी खायचो, बियाही चघळायचो. लाज वाटायची, पण संत्रं गोड असायचं.

पुढे मला रविवारी झोप हवीशी वाटू लागली. एवढ्याच कारणासाठी मी टॉमला रिटायर केलं.

भाऊंनी मंडईत त्याचा निरोप समारंभ ठेवला. शाल, नारळ, पेढे. पेट्या भरणाऱ्या बाया पुढं बसल्या. "याले पाहाले लोक नाही जमले," भाऊ बोलले, "पण याच्याबिगर खेळ झाला का कोणाचा?" बायांनी टाळ्या वाजवल्या. एकीनं डोळेही पुसले.

मग भाऊंनी शाल माझ्याच खांद्यावर टाकली आणि हळूच म्हणाले, "घरी जावाच्या पहिले सांगा. त्याचं खेळनं सरलं. तुमचं येनंही सरलं का?"

भाऊंची बायको गेल्यापासून त्यांच्या घरात दुसरा कप रविवारीच निघे. सात वर्षं त्यात चहा पिऊनही हे मला तेव्हा कुठं उमगलं.

"कोच झाला तो, भाऊ," मी म्हणालो. "पोट्ट्यांना शिकवून राहिला."

भाऊंनी पेटीत हात घातला. दोन-तीन संत्री दाबून पाहिली, एक निवडलं.

"मंग? ऐकतेत का पोट्टे त्याचं?"

"ऐकतात," मी म्हणालो, आणि सोलायला घेतलं.