कमी चाललेली गाडी

नवी गाडी माणूस घेतो. जुनी गाडी भावकी घेती. हा नियम कुठं छापलेला न्हाई, पण लातूरपासून नांदेडपर्यंत त्याच्यावर कुणी अपील केल्याचं ऐकिवात न्हाई. नव्या गाडीच्या दुकानात टाय लावलेला पोरगा सांगल तो भाव आन सांगल तो रंग घेऊन माणूस गुमान घरी येतो. जुनीचं तसं न्हाई. जुनीला मागचा इतिहास असतो, आन जिथं इतिहास हाय तिथं आपल्याकडं प्रत्येकाला मत हाय.

तनुजाला हे ठाव न्हवतं. बिचारी शिकलेली होती. रक्त तपासायचा डिप्लोमा करून लग्नानंतर चार वर्सं घरात बसली, आन आता कुठं नांदेडच्या एका दवाखान्याच्या लॅबमधी तिला आठवड्यातले तीन दिवस काम मिळालं होतं. लॅबच्या मुख्य लुबना मॅडम बोलायला गोड, नियमाला कडक. त्यांनी सांगितलं, सकाळी आठला खिडकी उघडती. उपाशी पोटी रक्त द्यायला आलेला माणूस वाघासारखा असतो, त्याला 'थांबा जरा' म्हणता येत न्हाई. पहिला महिना बघू. टिकलात, तर नावाचा बिल्ला देऊ. तीनदा उशीर झाला, तर चौथ्यांदा यायची तसदी घेऊ नका.

लातूरची पहिली एस.टी. वाटेत जरा अडली, तर नांदेडला पोचती तवा अर्धे वाघ रक्त देऊन पोहे खायला गेलेले असतात. म्हणून गाडी पायजे होती. तनुजाचं माहेर किल्लारीचं. बापाच्या जीपवर हात बसलेला, त्यामुळं चालवायची भीती न्हवती. तिनं घरात एवढंच सांगितलं: लहान असू द्या, जुनी असू द्या, पण हायवेला धरून चालावी, ब्रेक लागावा आन लाइट लांब पडावा.

हे मागणं घरानं गंभीरपणे ऐकून घेतलं आन बाजूला ठिवलं.

सासरे अण्णाराव साखर कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांनी आयुष्यभर एकबी निर्णय समिती नेमल्याबिगर घेतला न्हवता, आन समिती नेमल्यावर तर घेतलाच न्हवता. त्यांनी तातडीनं वाहन निवड समिती नेमली. अध्यक्ष ते स्वतः. धार्मिक बाजू सासूबाई दानम्मांकडं. तांत्रिक सल्लागार म्हणून रेणापूरहून रामलिंगमामांना बोलावणं गेलं. मामांकडं एकेकाळी जीप होती. ती विकून पंधरा वर्सं झाली, पण ज्ञान घरातच राहिलं. ह्या जीपचा हॉर्न इतका जबर होता की रेणापुरात वाजला की चाकूरची म्हैस दूध चोरायची. एकदा डिझेल संपल्यावर ती नुसत्या वासावर लातूरला पोचली होती. (परत येताना वास बी संपला, म्हणून बैल लावावे लागले. मामा खोटं बोलत न्हाईत.) तनुजाचा नवरा शिवशंकर ह्याला सदस्य केलं, त्याचं काम मान हलवायचं, आन ते तो लग्नापासून चोख करत आला हाय. तनुजाला समितीत घ्यायचं कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. गाडी ती चालवणार होती, तिला निवडीतलं काय कळतंय?

रिंग रोडला वाजिदभाईंचं जुन्या गाड्यांचं मैदान हाय. तिथं समितीनं पाहणीचा कार्यक्रम केला. कार्यक्रम म्हंजे कार्यक्रमच. पोरगी बघायला जावं तसं. खुर्च्या मांडल्या, चुरमुऱ्याची सुशीला आली, वरून शेंगदाणे, मंग चहा. मंग एकेक गाडी समोर आणली. पुढं चालवून दाखवली, मागं घेऊन दाखवली. नाव काय, गाव कोणतं, आदी कुणाच्या घरी होती, तिथून का आली.

जुन्या गाडीच्या बाजाराचा अभ्यास केला तर असं दिसतं, की शंभरातल्या नव्वद गाड्या डॉक्टरच्या असतात, नऊ डॉक्टरच्या बायकोच्या, आन उरलेली एक मास्तरची (जी त्यानं डॉक्टरकडून घेतलेली असती). ह्या हिशोबानं शहरातला प्रत्येक डॉक्टर महिन्याला दोन गाड्या विकतो. पेशंट कवा बघतो, कळायला मार्ग न्हाई. दुसरं असं, की ह्यातली एकबी गाडी चाललेली नसती. एका गाडीचा आकडा तर इतका कमी होता की कारखान्यातून लातूरपर्यंत ती कुणीतरी डोक्यावर आणली असावी. तनुजानं तसं म्हणून बघितलं. मामा म्हणले, असंल, आदीची माणसं ताकदीची होती. गाडी चार वर्सांची होती.

तपासणीची पद्धत मातर शास्त्रशुद्ध. अण्णारावांनी प्रत्येक गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाला एक लाथ घातली आन आवाज ऐकला. त्या आवाजातून त्यांना काय कळलं, हे त्यांनी कुणाला सांगितलं न्हाई, आन इचारायची कुणाची छाती झाली न्हाई. मामांनी बोनेट उघडायला लावलं, आत डोकं घालून "हं" म्हणले, आन बोनेट लावायला लावलं. शिवशंकरनं मान हलवली. दानम्मा मागच्या शिटावर मांडी घालून बसल्या आन लवंडून बघितलं. मांडी न मावणारी गाडी त्यांनी जागेवर बाद केली. नंतर डिक्कीत सोयाबीनचं पोतं आडवं बसतंय का उभं, ह्याच्यावर अर्धा तास चर्चा झाली. घरात कुणाला सोयाबीनचं पोतं कुठं न्यायचं न्हवतं. पण उद्या न्यायची येळ आली, तर?

मधल्या काळात तनुजा एकटीच एका लाल गाडीत बसून बाहीर गेली होती. वाजिदभाईंनी चावी दिली. समिती दुसऱ्या चहावर होती. तिनं गाडी सरळ नांदेड रोडला घातली, ऐंशीवर नेली, स्टेरिंगवरचा हात सैल केला. गाडी रेषेत राहिली. ब्रेक मारला, जागच्या जागी थांबली. परत येताना तिच्या तोंडावर असं समाधान होतं, की दानम्मांना शंका आली सुनेनं कुठं जाऊन उसाचा रस पेला.

"ही घेऊ," तनुजा म्हणली.

समितीनं कागद मागवले. गाडी एका औषध कंपनीच्या माणसाची होती, सोलापूर रोडला रोज जाणारी. चांगलीच चाललेली. अण्णारावांनी चहाचा कप खाली ठिवला.

"हायवेवर चाललेली गाडी हायवेला घ्यायची?" ते म्हणले. "थकलेली असती ती."

मुद्दा बिनतोड होता. विहिरीत उतरवायचा माणूस आदी कोरडा बघून घ्यावा. पोहून आलेला आदीच गार पडलेला असतो. हायवेला अशीच गाडी पायजे जिनं हायवे बघितलेला न्हाई, म्हंजे तिचा उत्साह कायम असतो. मामांनी दुजोरा दिला. शिवशंकरनं मान हलवली. त्यानं तनुजाच्या लाल गाडीला बी मान हलवली होती. त्याची मान निःपक्षपाती हाय.

मंग वाजिदभाईंनी कोपऱ्यातली पांढरी गाडी काढली. तिच्यावरचं कव्हर त्यांनी असं हळू वर केलं, जसा काय नवरीचा पदर. गाडी डॉक्टरची. दर सोमवारी सिद्धेश्वराच्या मंदिरापर्यंत जायची आन घरी यायची. मंगळवार ते रविवार विश्रांती. शिटावरचं कंपनीचं प्लास्टिक अजून तसंच होतं.

"अण्णा, ही गाडी न्हाई," वाजिदभाई म्हणले. "ही घरात बसून राहिलेली लेक हाय."

तनुजानं इचारलं, रोडला चालवून बघू का? मामांनी तिला थांबवलं आन स्वतः चालवून बघितली. दुसऱ्या गिअरात कोपऱ्यापर्यंत, आत पाच जण, प्लास्टिकचा कर्रकर्र आवाज. नंबरांची बेरीज नऊ आली. दानम्मांची मांडी मावली. पोतं आडवं बसत होतं. आता ब्रेक, टायर आन लाइट तेवढे राहिले होते. ते किरकोळ म्हणून पुढल्या बैठकीत घ्यायचं ठरलं. ती बैठक झाली न्हाई.

गाडी घरी आली. चाकाखाली लिंबू ठिवलं, नारळ फोडला, मागच्या काचेवर कुणाचं नाव घालायचं ह्याच्यावर समिती फुटायची येळ आली, म्हणून काच मोकळीच ठिवली. आन एक तारखेला पहाटं तनुजा चावी घ्यायला गेली, तर चावी देवघरात, कुलपात.

अण्णारावांनी तिला शांतपणानं समजावून सांगितलं. आवाज चढवणं त्यांच्या सोभावात न्हाई.

"कमी चाललेली म्हणून आपण ही घेतली. तू रोज नांदेडला नेऊन हिला जास्त चाललेली करणार. मंग आपण घेतली कशाला?"

तनुजानं लई इचार केला. ह्या वाक्यात कुठंतरी चूक हाय हे तिला ठाव होतं, पण बोट ठिवायला जागा सापडत न्हवती. तोवर एस.टी. निघायची येळ झाली. ती एस.टी.नं गेली, आन पहिला उशीर झाला.

गाडीचं मातर उत्तम चाललं होतं. जागेवरच. रोज संध्याकाळी शिवशंकर तिला पाव तास चालू करायचा, बॅटरी उतरू नये म्हणून. त्या येळेला सगळं घर आत बसायचं, ए.सी. लावायचं, आन शेजारची पंचाक्षरींची मंडळी चहा घेऊन खिडकीशी यायची. गाडी बघायला येणारा प्रत्येक माणूस एकच गोष्ट इचारायचा: किती देती? अण्णाराव म्हणायचे, अजून दिली न्हाई, पण देईल. गाडीनं आजवर एका लिटरला शून्य किलोमीटर दिले होते, आन तक्रार म्हणून एक न्हवती. अशी गाडी आख्ख्या गल्लीत न्हवती.

दुसरा उशीर झाला तवा अहमदपूरजवळ एस.टी.चं चाक बसलं. तनुजा पोचली, तर लुबना मॅडम स्वतः खिडकीत बसून सुया टोचायल्या होत्या. त्या रागावल्या न्हाईत. हातमोजे काढत म्हणल्या, "तनुजाताई, तुमचा हात हलका हाय. पेशंट नाव काढतेत. पण अजून एकदा असं झालं, तर मला दुसरी बघावी लागंल." तनुजानं दिवसभर काम केलं. परतीच्या एस.टी.त तिला खिडकीची जागा मिळाली. माळेगावला उतरणाऱ्या बायका दाराशी उभ्या होत्या, कपाळभर भंडारा. तिनं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं, आन बघतच राहिली.

त्या रात्री जेवताना तिनं भाकरी मोडता मोडता सासूला सांगितलं, की अत्याबाई, माझ्याकडून एक चूक झालीया. गाडी घरात आली तवा मी मनात नवस बोलले होते. माळेगावच्या खंडोबाला गाडी दाखवीन. आन एकदा न्हाई. आठवड्यातनं तीन दिवस, मंगळवार, गुरुवार, शनिवार, सूर्य उगवायच्या टायमाला. बोलून गेले. आता फेडायला न्हाई गेले आन गाडीला काय झालं, तर मला सांगू नका.

ज्याला नकाशा ठाव न्हाई त्याच्यासाठी सांगायला पायजे, की खंडोबाचं माळेगाव बराबर लातूर-नांदेड हायवेवर हाय, आन अर्ध्याच्या पलीकडं. देवानं जागा बघून घेतलेली हाय.

दानम्मांनी हातातला घास ताटात ठिवला. मंग त्या नवऱ्याकडं वळल्या. त्या काय बोलल्या हे सगळं इथं देता येण्यासारखं न्हाई. सारांश असा, की देव बसलाय वाट बघत आन तुमी चावीला कुलूप लावून बसलाव, तुमच्या कारखान्यात चालत असंल असं. अण्णाराव समिती बोलवतो म्हणले. दानम्मा म्हणल्या, बोलवा, खंडोबाला बी बोलवा.

फोनवर तांत्रिक सल्लागारांचं मत घेतलं. मामांनी इचार करून निर्वाळा दिला, की देवाच्या कामाला निघालेल्या गाडीचं इंजिन झिजत न्हाई, टायर बी न्हाई. त्यांची जीप तुळजापूरला जाऊन आल्यावर नवी होऊन आली होती. आकडा पडंल तेवढा पडंल, पण तो देवाच्या खात्यात, घराच्या न्हाई. आन माळेगावहून माघारी फिरायच्या आदी सुनेनं नांदेडला चक्कर टाकली, तर ते धार्मिक फिरणंच धरावं. अण्णारावांनी कुलूप काढलं. शिवशंकरनं मान हलवली, आन मंग, समितीच्या इतिहासात पहिल्यांदाच, तोंड उघडलं.

"टायरात हवा भरून ठिवलीया," तो हळूच म्हणला.

गुरुवारी पहाटं, महिना भरायच्या दिवशी, पांढरी गाडी निघाली. शिटावरचं प्लास्टिक तनुजानं गल्लीच्या तोंडाशी थांबून फाडून काढलं. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. गाडी ऐंशीच्या वर थरथरायची, म्हणून तिनं ऐंशीच धरून ठिवली. माळेगावला उतरली, हात जोडले, बोनेटवर चिमूटभर भंडारा टाकला, आन पुन्हा स्टेरिंगवर बसली. ती खोटं बोलली न्हाई. देवाला गाडी दाखवायची म्हणली होती, दाखवली.

संध्याकाळी गाडी दारात लागली, तवा सगळं घर ओट्यावर होतं. पंचाक्षरींची मंडळी बी. दानम्मांनी बोनेटवरचा भंडारा बोटाला लावून कपाळाला लावला. अण्णारावांनी पुढच्या डाव्या चाकाला लाथ घातली आन आवाज ऐकला. मामा रेणापूरहून फोनवर होते. सगळ्यांनी एका सुरात एकच इचारलं: किती दिली?

तनुजाच्या पांढऱ्या कोटावर नवा बिल्ला होता. त्याच्यावर तिचं नाव, आडनाव आन खाली लॅबचं नाव. सकाळी न्हवता. सगळे बोनेटकडं बघायले होते.

ती म्हणली, वीस दिली. आन भाकऱ्या टाकायला आत गेली.

आता तुमी हसू नका. इथवर वाचत आलाव, आन सुरवातीपास्नं मनात एकच घोळायलंय: गाडी कोणत्या कंपनीची, केवढ्याला बसली, आन खरंच वीस देती का. आमच्या अण्णारावांनी बी एवढंच इचारलं होतं. बिल्ला कशाचा, हे आदी इचारा. मंग गाडीचं बघू.