नानांच्या गळ्यातली वीट

आमच्या शेजारच्या नानांच्या गळ्यात वीट असते.

खरी वीट. भट्टीतली, लाल, अर्धी फुटलेली. सुतळीनं बांधून ती गळ्यात अडकवायची आणि सकाळी दूध आणायला, दुपारी दाढीला, संध्याकाळी मारुतीला जायचं, असा त्यांचा उन्हाळ्यापासूनचा नेम. पडेगावात नवीन आलेला माणूस थांबून बघतो. जुना माणूस फक्त विचारतो, "नाना, ठरला का कॅमेरा?"

आणि ती वीट माझी आहे. हे आधीच लिहून ठेवते, कारण बाकी कुणाला त्याचं काही नाही. आमच्याकडं नळाला पाणी येतं तेव्हा येतं. मग ते ड्रममध्ये भरून पुरवून वापरायचं. माझा निळा ड्रम विटांवर उभा आहे, म्हणजे तोटीखाली बादली बसते. जमीन एका अंगाला खोल आहे, तिथं ही अर्धी वीट बरोबर बसायची. नाना एक दिवस आले, ड्रम रिकामा होता तो एका हातानं कलता केला, वीट काढली आणि म्हणाले, "मंगल, ही नेतो गं. कामाची हाय." झालं. तेव्हापासून ड्रम डुगडुगतो. मी तिथं दगड लावला, तो बसत नाही. लाकडाची ढलपी लावली, ती फुगली. तोंडावर मला काही बोलता येत नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

आमचे हे म्हणतात, म्हातारं माणूस आहे, असू दे. ह्यांना तोटीखाली बादली धरून बसावं लागत नाही.

तर नानांना कॅमेरा घ्यायचा आहे. मोठा घ्यावा का छोटा, हे ठरत नाही. मोठा म्हणजे तो बिनआरशाचा, पुढं लांब भिंग असलेला, गळ्यात अडकवायचा. छोटा म्हणजे खिशात मावणारा. दुकानदारानं मोठ्याचं वजन सांगितलं. आपली मान ते सोसेल का, हे बघायला नानांनी किराणावाल्याच्या काट्यावर घरातल्या वस्तू ठेवून पाहिल्या. नारळ हलका भरला, पाटा जड. माझी वीट तेवढी तंतोतंत भरली. छोट्या कॅमेऱ्याच्या जागी वरच्या खिशात साबणाची वडी. तीही घरातली एकुलती एक. त्यामुळं रोज सकाळी भिंतीपलीकडून नानांच्या बायकोचा, शांतामावशींचा आवाज येतो, "अवं, तो कॅमेरा द्या इकडं, मला अंग धुवायचं हाय!"

नाना मूळचे कन्नडकडचे, मेंढपाळाच्या घरातले. पुढं वाळूजला एका कंपनीत वॉचमन होते, आता घरीच असतात. मुलगा पुण्याला. पण मेंढरं सोडून जन्म गेला तरी डोळा मेंढपाळाचाच राहिला. कुणाचा नवरदेव बघितला तर म्हणतात, "खांद्यात भरलंय, पायात कमी हाय." माझ्या जावेला तोंडावर म्हणाले, "यंदा अंग धरलंस." ती चार दिवस जेवली नाही नीट.

कॅमेऱ्याच्या दुकानात ते मला घेऊन गेले. का, तर मी चौथी शिकले आहे. "डब्यावर काय लिव्हलंय ते वाच फक्त," म्हणाले. गुलमंडीजवळचं दुकान, आत गार हवा, काचेची कपाटं, आणि डब्यावर सगळं इंग्रजी. मी डबा उलटा केला, सुलटा केला आणि खाली ठेवला. नानांनी विचारलं, "काय म्हणतंय?" मी म्हटलं, "चांगलं म्हणतंय."

दुकानातला पोरगेला माणूस समजावून सांगायला लागला. "चाचा, ये मिररलेस है. इसके अंदर आरसा नहीं रहता."

"आरसा नाय? कुणी काढला?"

"कंपनीच निकालती ना चाचा."

"मग भाव कमी केला असंल."

"नै चाचा, ज्यादा है."

नाना माझ्याकडं वळले. रागानं मिशी हलत होती. "बघ मंगल. आतली चीज काढून घेतली, अन् भाव चढवला. अन् हे दिवसाढवळ्या!"

मग कळलं की लांबचं दिसणारं भिंग वेगळं विकत घ्यावं लागतं. तेव्हा तर नाना खुर्चीतून उठलेच. "डोळा येगळा? अरे, आम्ही जनमभर मेंढरं इकली. कुणाला म्हणलो का, की बाबा, मेंढी ही घे, डोळे पायजेत तर त्याचं येगळं बघू?"

दुकानदार हसायला लागला. नानांनी कॅमेरा हातात घेतला तो पोटाखालून, कोकरू उचलावं तसा. वर-खाली करून अंदाज घेतला. खालचं बॅटरीचं झाकण उघडून आत बघितलं, जनावराचा जबडा उघडून दात बघतात तसं. "वयानं किती हाय?" म्हणाले. वर म्हणाले, "बाजारात आम्ही जनावर चालवून बघतो. हा घेऊन म्या दौलताबादेपर्यंत जाऊन येतो, मग सांगतो." दुकानदाराचं हसणं थांबलं. त्यानं कॅमेऱ्याचा पट्टा आपल्या मनगटाला गुंडाळला आणि नानांना तसंच दारापर्यंत नेलं. एक कॅमेरा, दोन माणसं, मागं मी. पदरात तोंड लपवावं असं मला झालं होतं.

दारातून नानांनी रस्त्यापलीकडं भिंग लावलं. मग हळूच म्हणाले, "मंगल, त्या पेरूवाल्याच्या कानातले केस दिसायलेत."

"अस्सं?"

"अन् त्याला पत्ताबी नाय. आपण हितं उभे, त्याला पत्ताबी नाय." हे त्यांनी दोनदा म्हटलं.

छोट्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर पेरूवाला मुंगीएवढा. दुकानदार म्हणाला, "इसको नजदीक जाना पडता चाचा." नानांनी तो खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. आम्ही काही न घेता रिक्षानं परत आलो.

त्यानंतर एकच धोशा. न्हाव्याला, दूधवाल्याला, देवळातल्या पुजाऱ्याला गाठायचं आणि विचारायचं, "समजा, एका माणसाचा फोटू काढायचा हाय. तुम्ही लांबून काढाल का जवळून?" न्हावी म्हणाला लांबून, जवळून सुरकुत्या दिसतात. पुजारी म्हणाला जवळून, लांबून देवसुद्धा ओळखू येत नाही. दूधवाला जरा विचार करून म्हणाला, "माणूस कसं हाय त्याच्यावर हाय ते." नाना त्या दिवशी दूध न घेताच परत आले.

मोबाईल नको. मुलानं दिलेला चांगला मोबाईल खिशात आहे, पण त्यातला फोटो नानांना चालत नाही. एकदा त्यांनी त्यातला एक मला दाखवला होता. "काय दिसतंय सांग." मी म्हटलं, "भात. आणि भातात एक लाल मिरची." नानांनी मोबाईल माझ्या हातातून ओढून घेतला आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आता ह्यात माझं काय चुकलं? मला भातच दिसला.

शेवटी गणपतीच्या सुमारास मी ठरवलं, आज वीट मागायचीच. नानांकडं नाही मागता आली तर मावशींकडं मागायची. गेले. मावशी मेथी निवडत होत्या. मी बसले, दोन जुड्या निवडून दिल्या, तरी वीट शब्द तोंडातून येईना. त्याच म्हणाल्या, "विटेसाठी आलीस ना? ऱ्हाऊ दे गं दिवाळीपर्यंत. दिवाळी झाली की दादा येतेत."

"कोण दादा?"

मग त्यांनी सांगितलं. नानांचे थोरले भाऊ, भिवादादा, अजून मेंढरं राखतात. दिवाळी झाली की कन्नडकडून निघतात, आमच्या ह्याच रस्त्यानं खाली येतात आणि गंगापूरकडं उतरतात. तिकडच्या शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात. पोरांच्या शाळेसाठी नानांनी आपल्या वाटणीची मेंढरं विकली आणि इथं घर बांधलं, तेव्हा भिवादादा म्हणाले होते, "मेंढरं इकली, आता मला भाऊ नाय." तेव्हापासून दर साली मेंढरं दारावरनं जातात. नाना चहाच्या टपरीमागं उभे राहून बघतात. भिवादादा मान वळवत नाहीत. मागच्या साली नानांनी टपरीमागून मोबाईलवर फोटो काढला.

"तो भात?" मी म्हटलं.

"मेंढरं ती. अन् तुपली लाल मिरची म्हंजे दादांचं पागोटं." मावशींनी मेथीचे देठ सुपात टाकले. "घरात एकबी फोटू नाय दादांचा. थकलेत म्हणतेत आता. एवढं एकदा तोंड नीट दिसावं, एवढीच हाव हाय यांची."

मी वीट न घेता परत आले. पण राग काही गेला नाही, उलट दुप्पट झाला. सख्ख्या भावाला ओळख न दाखवणारा हा कोण मोठा लागून गेला? आणि आमचे नाना! भाऊ दारावरनं जातो, हात लांब केला तर पागोट्याला लागेल, आणि ह्यांना त्याच्यासाठी पेरूवाल्याच्या कानातले केस दिसणारं भिंग पाहिजे! भाऊ ह्यांचा, भांडण ह्यांचं, आणि ड्रम डुगडुगतो माझा.

इथपर्यंत लिहिलं तेव्हा वीट नानांच्या गळ्यातच होती, पुढचं नंतरचं. यंदा पाऊस लवकर उघडला. दिवाळीला अजून अवकाश होता, कॅमेरा ठरलेला नव्हता, आणि एका सकाळी मी ड्रम भरत असताना रस्त्यावरून घंटांचा आवाज आला. मावशी ओरडल्या, "अवं, मेंढरं आली! आपली मेंढरं!"

नाना नुकतेच दूध घेऊन आले होते आणि त्या दिवशी घरीच दाढी करत होते, ती अर्धी सोडून धावले. गळ्यात वीट तशीच. मी आणि मावशी मागून गेलो. रस्ताभर मेंढरं, मधे बाज आणि भांडी लादलेली घोडी, बाजेवर पाय बांधलेल्या कोंबड्या. नाना टपरीमागं जाऊन उभे राहिले, नेहमीच्या जागी.

तेवढ्यात मागून आलेल्या ट्रकवाल्यानं हॉर्न दाबून धरला. मेंढरं बुजली आणि निम्मा कळप वळून थेट टपरीकडं सुटला. पुढचा विचार नानांनी केलाच नसावा. दोन्ही हात पसरून ते मधे उभे राहिले आणि तोंडातून असा एक आवाज काढला, जिभेनं आणि घशानं मिळून, की मी इतक्या वर्षांत तो कधी ऐकला नव्हता. वीट छातीवर आपटत होती. मेंढरं थांबली. मग मुकाट वळली.

पुढं गेलेल्या भिवादादांनीही मान वळवली. तो आवाज त्यांच्या घरातला होता.

ते चालत मागं आले. वाळलेला, उंच माणूस. नानांच्या समोर उभे राहिले. नाना रस्त्याकडं बघत राहिले.

"गळ्यात काय रं ते?" भिवादादा म्हणाले.

"वीट."

"कामून?"

नाना वीट चाचपायला लागले. मावशींनी पदर नाकापर्यंत ओढून घेतला होता. भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, त्या बोलत नाहीत, त्यांच्यात बोलत नाहीत. त्या माझ्याकडं तोंड करून म्हणाल्या, "मंगल, सांग गं त्यास्नी. त्यांचा फोटू काढायचा हाय म्हणावं. लांबून."

मी! भर रस्त्यात, ट्रकवाला बघतो आहे, टपरीवरची माणसं बघताहेत. पण इतक्या महिन्यांचा राग होता, तो एकदम वर आला. मी म्हटलं, "तुमचा फोटो काढायचाय म्हणतात, लांबून. त्याच्यासाठी हे गळ्यात वीट बांधून फिरतात. आणि वीट माझी आहे."

"लांबून?" भिवादादा नानांकडं बघत म्हणाले. "लांबून कामून? मी काय वाघ हाय व्हय?"

भिवादादांनी हात पुढं केला, नानांच्या डोक्यावरून सुतळी काढली आणि वीट हातात तोलली. "मानंला वळ पडलाय, येड्या," म्हणाले. मग मला म्हणाले, "पोरी, वीट उद्या देतो. आज चुलीला लागंल. चल रं, मेंढरं खोळंबलीत."

नाना अर्ध्या दाढीनं त्यांच्याबरोबर गेले. जवळच्याच एका रानात त्या दिवशी त्यांचा मुक्काम होता.

दुसऱ्या दिवशी नाना आले तेव्हा अंगाला धुराचा आणि लोकरीचा वास येत होता. मावशींनी दारातच विचारलं, "काढला का फोटू? मोबाईल व्हता ना खिशात?"

नानांनी खिसा चाचपला. मोबाईल होता. साबणाची वडी पण होती.

"इसरलो," नाना म्हणाले. मग म्हणाले, "दादा समोरच बसला व्हता की. फोटू कशाचा काढू?"

वीट त्यांनी स्वतः माझ्या ड्रमखाली बसवून दिली. एका अंगानं ती चुलीच्या धुरानं काळी झाली आहे. ती बाजू मी बाहेर ठेवली. ड्रम आता डुगडुगत नाही. पण दूध आणायला जाताना नाना तिथं थांबतात, विटेकडं बघतात आणि पुढं जातात. मला भीती वाटते की एक दिवस पुन्हा मागायला येतील. आले तर आता मी तोंडावर सांगणार आहे, की वीट मिळायची नाही. गंगापूरला जीप जाते, तिच्यात बसा.