पंचाच्या पाठीस लागलेल्या गोलाची हकिकत

श्रीगजवदन साह्य असो, आणि हे वाचीतोवर दोन्ही पेठांच्या मंडळींस गप्प बसण्याची बुद्धी होवो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, फाल्गुन वद्य नवमी, रविवार, ते दिवशी त्या राज्यात फुटबॉलचा अंतिम सामना जाहला, त्याचे वर्तमान ऐसे जे. राज्याचे नाव सांगत नाही. सांगितले तर उद्या सकाळी दोन्ही पेठा आमचे दारात उभ्या राहतील. उगवतीस तांबट पेठ, मावळतीस तळ्याची पेठ, आणि मधे मैदान. शील्ड एकोणीस वर्षे तळ्याच्या पेठेत ठाण मांडून बसलेली, आणि तांबट पेठेत त्या एकोणीस वर्षांत जितकी लग्ने जाहली तितक्यांच्या वरातीत कोणी मनापासून नाचला म्हणोन नाही.

सामन्याचे पंच महिपतराव इंगवले, धंदा चष्म्याच्या दुकानाचा, राहणार खुद्द तांबट पेठ. आता कोणी पुसेल, एका पेठेचाच मनुष्य पंच कैसा? तर तटस्थ मनुष्य म्हणोन राज्यभर शोध करविला, तो एकच निघाला, आणि तोही अंथरुणास खिळलेला. मग पूर्वजांनी युक्ती काढिली ती ऐसी की, मैदानास दरवाजे दोन, एकेका पेठेचा एकेक. सामना संपताच पंचाने हरलेल्या पेठेच्या दरवाजाने बाहेर पडावे. परतीची वाट डोळ्यांपुढे राहिली म्हणजे मनुष्य जपून शिटी वाजवितो, ऐसी त्यांची समजूत. महिपतराव अकरा वर्षे शिटी वाजवीत होते आणि अकरा वर्षे दोन्ही दरवाजांनी शिव्या खात होते. "चष्मा लाव रे!" हा गजर तर नित्याचा, आणि गजर करणारे निम्मे लोक महिपतरावांच्याच गिऱ्हाइकांतले. दुकानात समोरच्या पाटीवरले ढब्बू अक्षर ज्यांस वाचवत नव्हते, त्यांस मैदानाच्या पल्याडचा ऑफसाइड चार बोटांनी दिसत असे!

राज्यात कायदा सर्वांस ठाऊक होता, पुस्तक मात्र कोणी वाचिले नव्हते. नवे पुस्तक येई, ते सामने भरविणाऱ्या मंडळाच्या कपाटात जाई, आणि कपाटाची किल्ली हरवून किती साले लोटली याची कोणास दाद नाही. महिपतरावांनी आपली प्रत वेगळी मागविली आणि दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाचीत बसले. हीच त्यांची चूक जाहली. वाचिले नसते तर पुढील प्रसंग ओढवता ना.

सामन्याचे दिवशी सकाळी त्यांचे कुटुंब कमळजाबाई चहा पुढे ठेवून बोलिल्या, "अहो, धोंडिरामचा आज शेवटचा सामना. गुडघा गेलाय त्याचा, डॉक्टरांनी सांगितलंय. तीन फायनली हरलाय माझा भाऊ. तुम्ही काही करू नका, पण उगाच काही करूही नका." धोंडिराम म्हणजे तांबट पेठेचा कर्णधार आणि महिपतरावांचा सख्खा मेहुणा. महिपतराव "हं" म्हणाले आणि चहा तसाच टाकून निघाले.

सामना सुरू जाहला आणि दोन्ही फौजा निकराने भिडल्या, आणि ऐंशी मिनिटे गेली तरी गोल म्हणोन कोणास होईना. तांबट पेठेचे अध्यक्ष तात्यासाहेब निकम, वय वर्षे ब्याऐंशी, कडेला खुर्ची टाकून बसलेले, ते दर पाच मिनिटांनी उठत आणि पंचाच्या कुळाचा उद्धार करून पुन्हा बसत. मग शेवटल्या मिनिटास तळ्याच्या गोलपुढे एकच गर्दी उसळली, धूळ उडाली, आणि चेंडू धोंडिरामाच्या पायी आला. महिपतराव जवळ जाऊन पाहण्याच्या नादात नको तितके जवळ गेले होते. ते वाट द्यावी म्हणोन पाठ फिरवून पळू लागले, तोच धोंडिरामाने दुखऱ्या पायाने फटका दिला, आणि चेंडू महिपतरावांच्या पाठीत बसला, आणि वळला, आणि थेट जाळ्यात गेला!

मग तांबट पेठेत जो कल्लोळ उठला तो काय सांगावा. एकोणीस वर्षांचा साठविलेला गुलाल पोत्यांनी उधळिला, लोक मैदानात शिरले, आपल्याच गोलरक्षकास खांद्यावर घेऊन त्याचे तोंड तांबडेलाल करून टाकिले. तळ्याच्या गोलरक्षकाने तर जाळ्यातून चेंडू काढला आणि मान खाली घालून म्हणाला, "पंचाला लागून गेला. पण पंच म्हणजे जमीन. गेला तो गेला." हा जुना कायदा, राज्यातील तान्ह्या पोरासही ठाऊक. तक्रार ऐसी कोणाचीच नव्हती. एक शिटी मधल्या रेषेकडे हात करून वाजवावी, आणि शील्ड घरी, आणि कमळजाबाई हसतमुख, आणि धोंडिरामाचे सोने. परंतु महिपतरावांस पुस्तक आठवले. सहा वर्षांमागे कायदा फिरला होता की पंचास लागून चेंडू गोलात गेला तर गोल नाही. आणि गोलपुढच्या चौकटीत ऐसे घडले तर पंचाने चेंडू गोलरक्षकाच्याच पुढ्यात टाकून खेळ चालू करावा. आख्ख्या मैदानात हे जाणणारा मनुष्य एकच, आणि पाठ दुखत होती तीही त्याचीच. त्यांनी धोंडिरामाकडे पाहिले, तो गुडघा धरून गवतावर बसला होता आणि रडत होता, आणि हसतही होता. मग महिपतरावांनी डोळे मिटले आणि शिटी वाजविली आणि हात हलवून गोल नाही म्हणोन सांगितले.

तात्यासाहेब काठी टेकीत मैदानात आले आणि कोटाच्या खिशातून पिवळे पडलेले चोपडे काढून बोलिले, "हे वाच! माझ्या वडलांच्या वेळचं पुस्तक आहे. पंच हा मैदानाचा भाग."

"तात्या, कायदा बदललाय. सहा वर्षं झाली."

"आम्हाला विचारल्याशिवाय बदलला? कुणाच्या परवानगीनं?"

यास उत्तर पुस्तकात नव्हते. मग लोकांस हाकलून मैदान मोकळे करविण्यास पाव घटका गेली, आणि महिपतरावांनी चेंडू तळ्याच्या गोलरक्षकापुढे टाकिला, आणि त्याने तो जीव खाऊन लाथाडिला, तो आभाळातून तांबट पेठेच्या गोलपुढे उतरला. तेथे तांबटांचा गोलरक्षक गुलाल गेलेले डोळे चोळीत उभा, त्यास चेंडूही तांबडा आणि आभाळही तांबडे. तळ्याच्या एका गड्याने तो अलगद आत ढकलिला. सामना संपला. शील्ड तळ्याच्या पेठेस, वर्ष विसावे.

आता महिपतरावांस वहिवाटीप्रमाणे तांबट दरवाजाने निघणे आले. तळ्याचे लोक प्रेमाने म्हणाले की आमच्याकडून जा, परंतु ते गेले नाहीत. दरवाजात पेठ लोटलेली, कित्येकांच्या पायांतील वहाणा हातांत आलेल्या. इतक्यात धोंडिराम लंगडत पुढे आला आणि दाजींच्या आणि गर्दीच्या मधे उभा राहिला.

"बाजूला हो," तात्यासाहेब गरजले. "तुझाच गोल खाल्लाय यानं!"

"कसला गोल, तात्या?" धोंडिराम बोलिला. "बाहेर चालला होता चेंडू. कॉर्नरच्या झेंड्याकडं. मारणाऱ्याला कळतंय की! दाजींची पाठ मधे आली नसती तर हातभर लांबून गेला असता." मग खाली पाहून म्हणाला, "शेवटचा होता, म्हणून बोललो नाही मघाशी."

मग वहाणा हळूहळू पायांत गेल्या. घरी कमळजाबाईंनी भावास आणि नवऱ्यास एकाच ताटात जेवू घातले, एकाच्या पाठीवर आणि दुसऱ्याच्या गुडघ्यावर हळद लावली, आणि दोघांशीही चार दिवस बोलिल्या नाहीत.

मंडळाने सभा भरवून ठराव केला की, पंचास पाठ असणे खेळास बाधक आहे, सबब महिपतरावांस रजा द्यावी. शिटी घेण्यास दुसरा कोणी पुढे येईना, मग गुडघा गेलेला धोंडिरामच उभा राहिला, आणि महिपतरावांनी आपले पुस्तक त्यास दिले. पुढील साली पहिल्याच सामन्यात तांबट पेठेचा गोल धोंडिरामाने ऑफसाइड म्हणोन नाकारिला. गोल खरोखरीच ऑफसाइड होता. तोच तांबट दरवाजापाशी एक गृहस्थ खुर्चीवर उभे राहून लाल डोळ्यांनी ओरडले, "चष्मा लाव रे आंधळ्या!" धोंडिरामाने वळून पाहिले, तो महिपतराव.

येणेप्रमाणे क्रोधी संवत्सरी शील्ड तळ्याच्या पेठेस, गुलाल तांबट पेठेच्या डोळ्यांत, आणि शिटी धोंडिरामाच्या गळ्यात गेली. कपाटाची किल्ली अद्याप सापडली नाही. घडले तैसे लिहिले.