गोजराबाई सुईण यांच्या गरम मुठींची हकीकत

आधी थोरांस नमन, मग ऐकणारांस. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरी, पौष मासी, उंच डोंगरांच्या एका राज्यात, ज्याचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही, जे वर्तले ते असे. त्या राज्यात वाड्या घाटमाथ्यावर विखुरलेल्या, एकीतून दुसरीत पायी जाण्यास अर्धा दिवस लागे, म्हणून महाराजांनी कृपाळू होऊन सरकारी सुइणींस एकेक मोटारसायकल दिली होती. त्या सुइणींत गोजराबाई वडील, वय पन्नाशीचे, अंगाने शिडशिडीत, बोलणे थोडके. लुगड्याचा काष्टा घालून, डोक्यास मफलर गुंडाळून गाडीवर बसत आणि घाट असा चढत की खिंडीतले चौकीदार उठून उभे राहत. हातचा गुण मोठा. पोटावर बोटे टेकवून मूल कसे वळले आहे ते सांगत आणि सहसा चुकत नसत.

त्या पौषात थंडी ऐसी पडली की गवतावरचे दव गोठून पांढरे जाहले. एके सकाळी हिरडेवाडीहून मोबाइलवर वर्दी आली की कासाबाई नामे बाई, पहिलटकरीण, अडली आहे, त्वरा करावी. गोजराबाई तत्काळ निघाल्या. हातांत लोकरीचे मोजे होते, परंतु खिंडीत धुके दाट, मोजे भिजले, आणि वर वारा सुटला, मग बोटे आधी दुखली, मग दुखायची थांबली, आणि क्लच दाबला की नाही हे डोळ्यांनी पाहावे लागले. वाडीत पोहोचल्या तो मूल बाहेर येऊ लागलेच होते, हात शेकण्यास सवड नव्हती. नाळेचा वेढा मुलाच्या गळ्याला घट्ट बसलेला. त्याखाली बोट घालून तो सोडवावयाचा, हे काम त्यांनी आयुष्यात कितीदा तरी केले होते, परंतु त्या दिवशी बोट कोठे आहे हेच बोटास कळेना. एकदा निसटले, दुसऱ्यांदा निसटले, तिसऱ्यांदा वेढा सुटला, आणि तोवर उशीर जाहला होता. मूल रडले नाही. घरातल्या बायका म्हणाल्या, देवाची मर्जी. गोजराबाईंनी हात धुतले आणि घाट उतरून घरी आल्या.

मग उन्हाळा गेला, पाऊस गेला, आणि क्रोधीनाम संवत्सराच्या कार्तिकात पुन्हा गार वारा वाहू लागला, तेव्हा बाई सरकारी गाड्या दुरुस्त करणारे दादामियां मिस्त्री यांजकडे गेल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, गाडीच्या मुठी तापतील असे काही करता येते काय?" दादामियां म्हणाले, "का नाही येणार? रबराखाली तार गुंडाळायची, टोक बॅटरीला द्यायचे, एक बटण बसवायचे, मंद आणि कडक. गाडी बंद केली की बटणही बंद, नाहीतर बॅटरी उतरेल आणि तुम्ही डोंगरात बसाल. वर चामड्याच्या टोप्याही लावू, नाहीतर तळवे भाजतील आणि हाताची मागची बाजू गोठेल. पण बाई, सरकारी गाडीला मी न विचारता तार लावणार नाही. आधी हुकूम आणा."

म्हणोन बाईंनी अर्ज केला, आणि दरबारातून बोलावणे आले. महाराज गादीवर बसले होते, शेजारी कारभारी रंगोपंत, मोठे शिस्तीचे. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "पूर्वी सुइणी पायी जात होत्या. त्यांस कोणी मुठी तापवून दिल्या? आज मुठी मागतात, उद्या बैठक तापवा म्हणतील. मग जासूदही मागतील, शिपाईही मागतील." मंडळी हसली. बाई म्हणाल्या, "पायी जाणारीचे हात पदराखाली असतात, पंत. गाडी चालवणारीस हात वाऱ्याच्या तोंडी द्यावे लागतात." पंत म्हणाले, "मग मोजे घालावे."

"घातले होते."

"घातले होते म्हणजे केव्हा?"

आता बाई मोज्यांविषयी बोलण्यास आल्या नव्हत्या, आणि पौषातली गोष्ट काढावी हे त्यांच्या मनातही नव्हते. परंतु प्रश्न समोर उभा राहिला आणि त्यास खोटे उत्तर देणे त्यांस साधेना. मग त्यांनी हिरडेवाडीची हकीकत सांगितली, खिंडीतले धुके सांगितले, बोट दोनदा कसे निसटले तेही सांगितले. महाराजांनी विचारले, "बाई, हात गरम असते तर मूल वाचते काय?" बाई म्हणाल्या, "ते मला सांगता येत नाही, महाराज. एवढेच ठाऊक की त्या वेळी बोटे माझी राहिली नव्हती, आणि ती माझीच आहेत असे समजून मी काम केले." रंगोपंतांनी मान खाली घातली, कारकुनाच्या हातची लेखणी घेतली आणि मुठींचा हुकूम स्वहस्ते लिहिला. बाई मुजरा करून वळल्या तो महाराज हळू आवाजात बोलते जाहले, "त्या मुलाच्या आईस हे ठाऊक आहे?" बाई म्हणाल्या, "नाही."

दादामियांनी दोन दिवसांत काम केले. तिसऱ्या दिवशी सकाळी, कोठूनही वर्दी नसता, बाई हिरडेवाडीच्या वाटेस लागल्या. बटण मंदावर होते, चढ लागला तसे कडकावर केले, आणि ऊब तळव्यांतून मनगटापर्यंत चढली, आणि क्लच, ब्रेक, मुठीच्या रबराची नक्षीदेखील बोटांस जाणवू लागली. तेव्हा बाईंस सुख वाटावे ते वाटेना, राग आला. इतकी लहानशी गोष्ट, एक तार आणि एक बटण, ती मागायला आपण एक हिवाळा घालवला, कारण थंडी वाजते असे बोलणे कमीपणाचे वाटले. खिंडीत त्यांनी गाडी थांबवली, बटण बंद केले, आणि परत फिरावे असे मनात आले. हात पाहिले. हात गरम होते, आता परत फिरण्याचा दोष थंडीवर ढकलता येईना. मग गाडी पुन्हा चालू केली आणि पलीकडे उतरल्या.

कासाबाई अंगणात नाचणी पाखडीत होती. सुईण पाहून सूप खाली ठेवले आणि म्हणाली, "कुणाकडे आलात?" गोजराबाई म्हणाल्या, "तुझ्याकडेच." आणि उभ्याउभ्याच सारे सांगितले. कासाबाईने ऐकून घेतले. मग म्हणाली, "दहा महिने आत्याबाई, माझ्या सासूबाई, म्हणतात, हिच्या अंगातच खोट आहे. मलाही ते पटले होते, बाई. आरशात बघवत नव्हते मला. हे तेव्हाच सांगायला पाहिजे होते तुम्ही."

"होय."

"का नाही सांगितले?"

"भ्याले."

कासाबाई उठली. गोजराबाईंस वाटले, आता ही घालवून देईल, आणि तसे केले तर तोंड वर करावयाचे नाही असे त्यांनी मनाशी ठरवले. परंतु कासाबाई दाराशी गेली आणि आत हाक मारली, "आत्याबाई, बाहेर या. धाकट्या जाऊबाईंनाही घेऊन या." दोघी बाहेर येऊन पायरीवर बसल्या. तेव्हा कासाबाई गोजराबाईंकडे वळून म्हणाली, "आता पहिल्यापासून सांगा. एक शब्द गाळू नका." आणि गोजराबाईंनी मफलर सोडला, आणि पहिल्यापासून सांगू लागल्या.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. त्या हिवाळ्यात राज्यातल्या साऱ्या सुइणींच्या गाड्यांस गरम मुठी बसल्या, आणि सरकारी दफ्तरात त्याची नोंद एका ओळीची आहे. कासाबाईने क्षमा केली असे कोणी ऐकले नाही, आणि गोजराबाईंनी ती मागितली असेही नाही. अंगणातली हकीकत दफ्तरात नाही, म्हणोन ती येथे लिहिली आणि लेखणी खाली ठेवली.